मुखवटा माझा, हात तिचे

‘ही सेटअपची मुलगी आहे. मागच्या बाजूने घे.’

चिन्मयने बाउन्सरला हे सांगितलं. माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता. रविवारची दुपार होती, ठाण्यातल्या एका रिसॉर्टचं लॉन. फाटकावर आमचं पोस्टर. पोस्टरवर चिन्मय, आणि शेजारी चंदेरी मुखवट्यातली मी. त्या पोस्टरसमोरून वळवून मला मागच्या दाराने आत नेलं.

आम्ही दोघं मिळून ट्रान्स, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक, वाजवायचो. सुरावटी त्याच्या, बेस माझा. विठ्ठलवाडीत माझ्या मामाचा साउंडचा धंदा. भीमजयंतीला, हळदीला मामाचे स्पीकरचे बॉक्स लागायचे आणि मी शाळेत असल्यापासून त्याच्याबरोबर वायरी ओढायचे. कल्याणच्या एका कॉलेजात साउंड आमचा होता, तिथे हा डोंबिवलीचा मुलगा लॅपटॉप घेऊन वाजवायला आला. वाजत होतं, पण कुणी हलत नव्हतं. मी जाऊन बेस बदलला. पोरं उसळली. नंतर त्याने विचारलं, ‘काय केलंस तू?’ मी म्हटलं, ‘छातीत लागत नव्हतं. आता लागतंय.’

तिथून जोडी जमली. मामाच्या गोडाऊनमध्ये आमचा सराव चालायचा. आई भाकरी आणि सुकट घेऊन यायची. ‘मावशी, अजून एक,’ म्हणत चिन्मय हक्काने मागून घ्यायचा. ठाकुर्लीत एका मित्राच्या गच्चीवर पहिल्यांदा वाजवलं, मग कॉलेजं, मग ठाण्यातली हॉटेलं, मग एकदा गोवा. मी वेडी झाले होते आनंदाने. आपल्या घरात असलं काही कुणी केलेलं नव्हतं.

मुखवटा त्याची आयडिया. पहिल्या मोठ्या शोच्या आधी म्हणाला, ‘मिस्ट्री पाहिजे गं. चेहरा झाकला की लोकं म्युझिक ऐकतात.’ मी विचारलं, मग तू का नाही घालत? तर म्हणे, दोघांनी घातला तर कार्टून दिसेल. मी हसले. घातला. मला तर तो आवडायलाही लागला, लहान पोरी मुखवट्याबरोबर सेल्फी मागायच्या. शो संपल्यावर मी तो त्याच्याच बॅगेत ठेवायचे. मावशी म्हणत ताटाला ताट लावून जेवलेला माणूस. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा?

त्या रविवारी त्याचा मेसेज आला, शो कॅन्सल. मी घरी कपडे धूत होते. दुपारी बहिणीचा फोटो आला. ती मैत्रिणींबरोबर त्या रिसॉर्टवर गेलेली. खाली लिहिलेलं, ‘ताई, तू घरी आहेस ना? मग ही कोण?’

फोटोत शोच्या तयारीतला चिन्मय होता आणि माझा मुखवटा होता. मुखवट्याखालचे हात गोरे होते, नखांना गुलाबी पॉलिश. मी ओल्या हातांनीच निघाले.

स्टेजमागे मी त्याला धरलं. ती मुलगी खुर्चीवर मुखवटा मांडीवर घेऊन बसली होती. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, ती कुठल्याशा एजन्सीतून आलेली.

‘समजून घे ना यार,’ चिन्मय म्हणाला. ‘शोनंतर स्पॉन्सरबरोबर बसायचंय. तिथे मुखवटा काढावा लागतो. तो क्राउड वेगळा आहे. ही जरा... प्रेझेंटेबल आहे.’

मी तिच्या मांडीवरच्या मुखवट्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं, मी समजून घेतेय.

‘हे बघ, बेस रेकॉर्डेड लावणार होतो, पण आलीच आहेस तर तूच मार. टेबलामागे खाली बस, काळं कापड लावलंय, दिसणार नाहीस. ही वर फक्त हात हलवेल.’

ती जागा मी पाहिली. वायरींच्या गुंत्यात, त्यांच्या पायांशी. मला मागून आत आणेपर्यंत त्याने तिथे माझ्यासाठी उशीसुद्धा ठेवली होती. म्हणजे मी बसेन याची त्याला खात्री होती. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या उशीने शिकवलं.

‘नाही बसणार,’ मी म्हटलं.

सेट सुरू झाला तेव्हा मी पायऱ्या चढून वर गेले. घरातला ड्रेस, केस विस्कटलेले, तोंड उघडं. त्या मुलीला बाजूला व्हायला सांगितलं, ती झाली. मी बेस सोडला. अख्खं लॉन उसळलं. मुखवटा चढवल्यापासून पहिल्यांदाच समोरच्या पोरांचे चेहरे मी दोन भोकांतून नाही, उघड्या डोळ्यांनी पाहिले.

मग बाउन्सरने माझा दंड धरला आणि चिन्मयने माईक उचलला.

‘सॉरी गाईज, एक क्रेझी फॅन वर चढली!’

लोक हसले. टाळ्या वाजल्या. मला खाली उतरवलं तेव्हाही माझाच बेस वाजत होता. गर्दीत बहीण रडत उभी होती. मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडू येईना.

परवा त्याचा फोन आला. दुसऱ्या कुणालाच तो बेस जमत नाहीये. मोठा शो आहे म्हणाला, मुखवटा नको, अर्धे पैसे, पोस्टरवर तुझा खरा फोटो.

‘आणि नाव?’ मी विचारलं.

‘नाव टाकू ना. फक्त आडनाव नको गं. उगाच लोकं काहीतरी अर्थ काढतात.’

मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. सावकाश. म्हटलं, हे असंच्या असं छापणार असशील तर बोल.

तो परत पैशांचं बोलायला लागला. मी फोन ठेवला, आणि मामाच्या गोडाऊनमध्ये जाऊन तेच तीन शब्द माझ्या आवाजात रेकॉर्ड करून माझ्या प्रत्येक ट्रॅकच्या बेसमध्ये मिसळले. ते काढून माझा बेस आता कुणालाही वाजवता येणार नाही. मी वाजवू देणार नाही.