खुडूक मोडणारी काकू

तोंडावर सगळी गल्ली तिला काकू म्हणायची आणि पाठ वळली की खुडूककाकू. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नव्हतं. कुणी नवखा माणूस बगलेत कोंबडी धरून पत्ता विचारत आला, तर तीच दारातून ओरडायची, की खुडूककाकूचं घर हेच, आत ये आणि पाय पुसून ये.

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिचं अंडी देणं बंद. कालपर्यंत शहाण्यासारखी अंडं घालून, सगळ्या गल्लीला ओरडून सांगणारी कोंबडी एका सकाळी खोक्यातून उठतच नाही. अंग फुगवून, डोळे लावून बसते. हात घातला की गुरगुरते, चोच मारते. तुरा फिका पडतो. पोटाची पिसं ती स्वतःच उपटते आणि तिथली उघडी कातडी तव्यासारखी तापते. खाली अंडी आहेत की नाहीत, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. अंडी काढून घ्या, ती भुशावर बसेल. भुसा काढा, ती नुसत्या फळीवर बसेल. पिल्लं हवी असतील तर उत्तमच, पण आमच्याकडे घरांच्या मागे हातभर परसं, त्यात चार-पाच कोंबड्या आणि घरापुरती अंडी, एवढाच सगळ्यांचा कारभार. पिल्लं ठेवायची कुठे, डोक्यावर? आणि एक बसली की तिचं बघून दुसरी बसते. मग घरात सकाळी ताटात काही नाही आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. अशा वेळी लोक काकूकडे यायचे.

काकूची रीत ठरलेली होती. आधी कोंबडीच्या पोटाखाली हात घालून किती तापली आहे ते बघायचं. मग बादलीभर गार पाण्यात पोट बुडेल एवढीच धरायची, डोकं वर. मग पिंजऱ्यात. हा पिंजरा काकूच्या नवऱ्यानं तिला करून दिलेला. त्याच्या तळालाही जाळीच होती, आणि तो परसात खांबाला टांगलेला असायचा, म्हणजे खालून वारा लागून पोट निवावं. दाणापाणी पोटभर, पण बसायला मऊ म्हणून काही नाही. थोड्या दिवसांनी सोडून बघायचं. दाण्याकडे गेली तर मोडली, खोक्याकडे धावली तर परत पिंजऱ्यात. या कामात तिनं कधी कोंबडीवर हात उगारला नाही, घाईही केली नाही. उठा बाई, पुष्कळ झालं, असं म्हणत म्हणत ती ते सगळं करायची. माझी शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी तिच्या परसात उघडते, म्हणून हे मी आयुष्यभर बघत आले.

एकदाच तिनं एकीला सोडून दिलं होतं. तांबूस रंगाची, तिच्या लाडाची कोंबडी होती. बसते तर बसू दे बिचारी, म्हणून काकूनं तिला जिन्याखालच्या अडगळीत बसू दिलं. खाली एकही अंडं नव्हतं. कोंबडी दिवसातून एकदा उठायची, दोन दाणे टिपायची आणि पळत परत. मग तेही बंद झालं. एका सकाळी काकूनं तिला उचललं तर हाताला वजनच लागलं नाही. बसल्या जागी मरून गेली होती. काकू त्या दिवशी जेवली नाही आणि त्यानंतर कुठल्याही कोंबडीला तिनं दया दाखवली नाही.

नवरा गवंडी होता. बांधकामावरून पडून गेला, तेव्हा तिची लेक जेमतेम शाळेत जायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका तिच्याकडे बसायला गेल्या, आईचा पदर धरून मीही होते, तर बाई परसात खुराडं धूत होती. डोळे सुजलेले, पण हात चालू. आतल्या खोलीतली दोघांची गादी तिनं बाहेर काढून भिंतीला टेकवली होती आणि खोलीला कुलूप लावलं होतं. कितीतरी वर्षं ती स्वयंपाकघरात फरशीवर झोपली. कुणी म्हणायचं, केवढी खंबीर. कुणी म्हणायचं, दगड आहे. मला विचाराल तर ती घाबरलेली होती. आपण एकदा बसलो तर उठणार नाही, याची तिला खात्री होती.

तिच्या लेकीला सगळे ठकी म्हणायचे. ठकी माझ्याच वयाची, आम्ही एका बाकावर बसलेल्या. ती हसरी होती, रडकीही होती, दोन्ही सढळ हातानं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. नवरा वायरमन, कामाला वाघ आणि बोलण्यात मुका, पण माणूस वाईट नव्हता. दिवस गेले तेव्हा ठकी माझ्याकडून लोकरीचे नमुने घेऊन गेली होती. टोपडी, मोजे, दोन झबली, सगळं स्वतः विणलं. आणि मग दवाखान्यात मुलगी जन्मली ती निपचित. एकदाही रडली नाही.

ठकीला वायरमननं आईकडे आणून सोडलं. तो कामावर परत गेला आणि ठकी आतल्या खोलीत, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडली. विणलेले कपडे पोटाशी धरून. दूध येत होतं ते थांबायला वेळ लागला, त्या वासानं खोली भरलेली असायची. जेवण ठेवलं तर तसंच परत. बोलवलं तर उत्तर नाही. मी जाऊन शेजारी बसायचे, तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. ती नको म्हणायची नाही आणि हवंही म्हणायची नाही. एकदाच तिनं माझा हात धरला आणि मुलीचं नाक कसं होतं ते सांगितलं, हळूहळू, सगळं. मला वाटलं, हिला एवढंच करू द्यावं, होईल तेवढे दिवस.

काकू रोज दारात उभी राहून बघायची. ठकी वाळत चालली होती, हे खरंच होतं. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. काकूचा जीव नुसता टांगणीला लागला होता. एका सकाळी ती आत गेली, ठकीच्या पाठीखाली हात घातला, तिचं अंग चाचपलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "ही मरेल गं अशानं."

मी ओळखलं. इतकी वर्षं खिडकीतून बघितलेलं होतं, न ओळखता राहीन कशी? मी तिला स्पष्ट सांगितलं की काकू, ती पोरगी आहे, कोंबडी नाही. डॉक्टरला दाखवू, नवऱ्याला बोलावून घेऊ, पण हे करू नकोस. ती माझ्यावर भडकली नाही. भडकली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द जास्त बोलता आले असते. ती शांतपणे म्हणाली, "मी उठले होते ना? मला कुणी उठवलं होतं? हिला उठवायला मी आहे तरी."

मग तिनं रीतसर सुरुवात केली. ठकीला धरून न्हाणीत नेलं आणि गार पाण्यानं न्हाऊ घातलं, थंडीचे दिवस असताना. ठकी आत होती तेवढ्यात गादी उचलून गच्चीवर टाकली, खाट उभी केली, खोलीला कुलूप घातलं. आणि ते कपडे चुलीत घातले. लोकर जळल्याचा वास माझ्या मशीनपर्यंत आला. मी धावत गेले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ठकी ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती आणि चुलीकडे बघत होती. तिनं आकांत केला नाही. मी त्या दिवशी काकूला नाही नाही ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ठकीपुढे ताट ठेवलं.

थोड्या दिवसांनी काकूनं खोलीचं कुलूप काढलं आणि दार उघडं टाकून दिलं. स्वतः परसात जाऊन खुराड्याशी काहीतरी करत बसली, पण नजर घरात. ठकी उठली. खोलीच्या दारावरून गेली, आत वळूनही पाहिलं नाही, आणि ओट्यापाशी जाऊन भाजी चिरायला लागली. काकूनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

आणि खरं सांगायचं तर ठकी सुधारली. जेवायला लागली, गालावर रंग आला, अंडी पुसून टोपलीत लावायला लागली. गल्लीतल्या बायका काकूची पाठ थोपटून गेल्या. मी मात्र अजून धुसफुसत होते, आणि माझं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. मी मुलीच्या नाकाचा विषय काढला तर ठकी माझ्याकडे अशी बघायची, की जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल विचारतेय. वायरमन येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती कुणाच्या गळ्यात पडली नाही. लहानपणी शेजारच्या गल्लीत जाताना रडणारी ती पोर.

पुढे यथावकाश तिला मुलगा झाला. धडधाकट, गुटगुटीत. फोन आला तेव्हा काकूनं अख्ख्या गल्लीला दारात उभं राहून सांगितलं. मी कबूल केलं की तुझं खरं ठरलं, काकू. तिनं मोठेपणानं मला माफही करून टाकलं.

मुलगा बसायला लागला त्या सुमारास ठकी त्याला घेऊन आली. एकटीच, हातात भली मोठी पिशवी. मी काकूकडे झालर लावलेला परकर द्यायला गेले होते. ठकीनं मुलाला काकूच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली. बाटल्या, दुपटी, औषध, खुळखुळा. तिचं स्वतःचं एकही कापड त्यात नव्हतं. काकू मुलाचे पाय कुरवाळत होती, तिचं लक्षच नव्हतं. मी विचारलं, की तू राहणार नाहीस का.

"मी संध्याकाळी परत जाते," ठकी म्हणाली. "हा इथेच राहील."

काकूला वाटलं चार दिवसांची गोष्ट आहे. ठकीनं तिला समजावून सांगितलं, हिशेब समजावावा तशा आवाजात. ती सगळं वेळेवर करते. पाजते, न्हाऊ घालते, झोपवते. पण तो रडला तर तिला उठावंसं वाटत नाही. त्याला उचललं तर पिशवी उचलल्यासारखं वाटतं. वायरमन दिवसभर बाहेर असतो, त्याला काय सांगायचं.

"परवा हा खाटेवरून पडला. तो कडेला सरकतोय हे मला दिसत होतं, आई. मी बघत बसले."

काकूनं मुलाचं डोकं चाचपलं. मागच्या बाजूला टेंगूळ होतं. होईल सवय, पहिलं-पहिलं होतं असं, वगैरे काहीतरी ती बोलायला लागली.

"पहिलं नाही हे," ठकी म्हणाली. "पहिलीपाशी मला अजून थोडं बसायचं होतं. तू उठवलंस. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही, मी मेले असते कदाचित. पण आता कशापाशीच बसता येत नाही मला."

काकूनं तिच्या पोटाकडे हात नेला, तसाच, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आणि मध्येच मागे घेतला. मग ती रडली. नवरा गेला तेव्हाही मी तिला तशी रडताना पाहिलं नव्हतं. ठकी शेजारी उभी राहून तिचं रडणं थांबायची वाट बघत होती. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

मुलगा आता चालतो, बोलतो. काकू थकली आहे. पिंजरा तिनं भंगारवाल्याला देऊन टाकला आणि कोंबडी घेऊन येणाऱ्यांना ती दारातूनच परत पाठवते. रात्रंदिवस मुलाला कडेवरून खाली ठेवत नाही, मी ओरडले तरी. ठकी मधूनमधून येते. त्याच्यासाठी अंगाच्या मापाचे कपडे आणते, दाराजवळच्या खुर्चीवर बसून चहा पिते, त्याची तब्येत विचारते आणि जाते. मुलगा तिला मावशी म्हणतो. काकू दर वेळी त्याला सांगते, मावशी नाही रे बाळा, आई, आई म्हण. पण ते त्याच्या तोंडी बसलं आहे, कारण ते त्याला ठकीनंच शिकवलं आहे.