मावशी, समुद्र आणि आरपार वारा

सर्बियातल्या आमच्या निश शहरात माझ्या मावशीचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण तिचा आवाज भाजीवालीपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. बस स्थानकाच्या भोंग्यातून आयुष्यभर तीच बोलत आली. "लक्ष द्या, लक्ष द्या. पारालियाला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावरून सुटत आहे. आपला प्रवास सुखाचा होवो." त्या 'सुखाचा'वर ती असा काही हेलकावा द्यायची की गुडघे धरून बसलेली म्हातारीसुद्धा पिशव्या उचलून पळत सुटायची.

घरीही तोच सूर. "लक्ष द्या, सूप टेबलावरून सुटत आहे. उशिरा येणाऱ्या प्रवाशांना गार मिळेल." मी हे म्हणून दाखवते तेव्हा आई हसते आणि मावशी म्हणते, "श्वास चुकतोय तुझा. 'उशिरा'च्या आधी घे."

तिचं नाव रोसांदा. अर्ध्या शहराला ग्रीसच्या किनाऱ्यावर रवाना करणारी ही बाई स्वतः मात्र देशाची सीमा ओलांडून कधी पलीकडे गेली नव्हती. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, "या वर्षी आपण." आणि दर उन्हाळ्यात तिचे यजमान तिहोमिरकाका वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "पुढच्या वर्षी. समुद्र काय पळून चाललाय?" मग कधी छप्पर गळायचं, कधी कुणाचं लग्न निघायचं, कधी काहीच नसायचं, नुसतेच काका असायचे.

तसे काका भित्रे नाहीत. नव्व्याण्णवच्या युद्धात शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा हा माणूस गॅलरीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता, असं आई सांगते. ते फक्त एकाच गोष्टीला भितात, ती म्हणजे आरपार वारा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून जो झोत जातो ना, तो. मान धरते त्याने, कान जातो त्याने, मूत्रपिंडं तर जातातच जातात. तसं आमच्याकडे सगळेच झोताला भितात, पण काकांचं म्हणजे अति. करोनाची साथ आली आणि टीव्हीवरचे डॉक्टर सांगायला लागले, खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या. काका उडालेच. "हे डॉक्टर आहेत की मारेकरी? एवढी माणसं कशानं मरतायत, आता कळलं मला!"

साथीच्या दुसऱ्या वर्षी, वसंतात, मावशी निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी चालकांनी तिला भेट दिली. पारालियाच्या पहिल्या गाडीची मागची अख्खी रांग. स्रेतेन नावाचा चालक आहे, भोपळ्यासारखा गोल, तो म्हणाला, "घ्या हो आवाजबाई, लाजू नका. नियमाप्रमाणे तशीही अर्धी गाडी रिकामीच न्यायची आहे. निदान रिकाम्या जागेत माणसं तरी ओळखीची असतील." रांग मोठी म्हणून त्यात माझीही वर्णी लागली.

आणि इथूनच घोळाला सुरुवात झाली. जायचं की नाही?

ग्रीस सकाळी उघडा असायचा, दुपारी अर्धा उघडा आणि रात्रीच्या बातम्यांत "विचाराधीन". लस हवी, नाहीतर चाचणी हवी. शिवाय सीमेच्या नाक्यावर मनात आलं तर पुन्हा तपासणार. मावशी नवे नियम ऐकायची आणि स्वयंपाकघरात येऊन जाहीर करायची, "लक्ष द्या, कालचे नियम रद्द करण्यात येत आहेत."

शेवटी एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात पंचायत बसली. मावशी, काका, आई, मी आणि वरच्या मजल्यावरच्या झिवानाकाकू. काकू कॉफीच्या गाळातलं भविष्य वाचतात. सगळ्यांनी कॉफी प्यायली, मावशीने आपला कप बशीत पालथा घातला, आणि काकूंनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"रस्ता दिसतोय, रोसांदा."

"झिवाना, गेलं वर्षभर तुला सगळ्यांच्या कपात रस्ताच दिसतोय, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पुढे गेलेलो नाही."

"पण या रस्त्यावर काहीतरी आडवं आहे. काठीसारखं."

"नाक्याची दांडी असेल," आई म्हणाली. "ताई, नीट विचार कर. तिथे चाचणीत काही निघालं तर हॉटेलच्या खोलीत कोंडून ठेवतात म्हणे. दहा दिवस. जेवण दारात ठेवून जातात."

मावशीचे डोळे चमकले. "दारात? मला भांडी घासायची नाहीत?"

"ताई!"

"आणि खिडकीतून समुद्र दिसतो का?"

"दिसला तरी खिडकी उघडायची नाही," काका म्हणाले. "आणि हे बघा, गाडीचं काय? स्रेतेन म्हणतो, नियम आहे, पूर्ण रस्ताभर वरची झडप उघडी आणि बाजूच्या खिडक्याही उघड्या. बोगद्यात बसल्यासारखं होईल! जायचं ना, जाऊ की. पुढच्या वर्षी. समुद्र काय..."

"पळून चाललाय," आई, काकू आणि मी, आम्ही तिघींनी वाक्य पुरं केलं.

मावशी हसली नाही. तिने कप काकूंच्या हातातून घेतला आणि बशीत ठेवला. मग ती बोलली, आणि तो भोंग्यातला आवाज नव्हता. इतका हळू होता की फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"तिहोमिर, आमच्या तिकीट खिडकीवरची ओल्गीत्सा आठवते? तिच्याशीही माझं ठरलं होतं. पुढच्या वर्षी म्हणून."

ओल्गीत्साबाई हिवाळ्यात गेल्या होत्या. याच आजाराने. काका उठले, सवयीने खिडकी लावली, तिथेच पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "लस कुठे देतात?"

आमच्याकडे तेव्हा लस निवडून घेता यायची, बेकरीत सारण भरलेला बुरेक घ्यावा तशी. मांसाचा की चीजचा? लोक रांगेत उभे राहून चर्चा करायचे, कुठली घेतली तर कुठल्या समुद्राला चालते. काकांनी नर्सला एकच विचारलं, "मुली, यातली झोतावर कोणती?" नर्स म्हणाली, "आजोबा, झोतावर फक्त टोपी."

काकांनी तो वैद्यकीय सल्ला फारच मनावर घेतला.

निघायच्या सकाळी झिवानाकाकूंनी आमच्या पाठीमागे तांब्याभर पाणी ओतलं, प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा म्हणून. त्यातलं निम्मं माझ्या बुटात गेलं. आणि काका जिना उतरले. जून महिना, सकाळी आठ वाजताच डांबर मऊ झालेलं, आणि काका अंगात फ्लॅनेलचा सदरा, त्यावर लोकरी बंडी, त्यावर स्वेटर, कमरेला मूत्रपिंडांसाठी लोकरी पट्टा, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी आणि तोंडाला मास्क. दिसत होते फक्त डोळे.

"दरोडा घालायला चाललायस का रे?" मावशीने विचारलं.

"मागच्या रांगेत बसणार आहे मी. वारा पुढून घुसतो आणि मागे येऊन साठतो. शास्त्र आहे."

स्थानकावर भोंगा खरखरला. मावशीच्या जागी आलेली इस्क्रा नावाची पोरगी बोलायला लागली. "लक्ष द्या, लक्ष द्या. पारालियाला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावरून सुटत आहे..." मावशी पायरीवर एक पाय ठेवून तशीच थांबली.

"बरी आहे," ती म्हणाली. "'पारालिया'वर जरा घाई करते." आणि तिने डोळे पुसले. "वारा गेला डोळ्यात."

"बघ!" काका ओरडले. "अजून गाडी हललीसुद्धा नाही!"

रस्ताभर आम्ही खात होतो. तळलेले कटलेट, उकडलेली अंडी, चीजचा बुरेक, भाजलेल्या मिरच्या. मास्क खाली, घास आत, मास्क वर. वरची झडप उघडी होती, खिडक्या उघड्या होत्या, मावशीचे केस चहूकडे उडत होते आणि ती एखाद्या मुलीसारखी बाहेर बघत होती. काका हलतही नव्हते. मध्ये मी विचारलं, "काका, जिवंत आहात ना?" मफलरच्या आतून उत्तर आलं, "अजून तरी."

मॅसेडोनिया सरला आणि ग्रीसचा नाका आला. ऊन असं की पत्र्यावर अंडं तळून निघालं असतं. सगळ्यांना खाली उतरवलं. एक उंच, गंभीर ग्रीक अधिकारी ताप मोजायचं यंत्र घेऊन रांगेतून येत होता. कपाळ, पुढे. कपाळ, पुढे. मावशीचं कपाळ, पुढे. काकांची कानटोपी त्याने खुणेनं वर करायला लावली, यंत्र धरलं, आणि ते टिटवीसारखं ओरडायला लागलं.

अधिकारी दोन पावलं मागे सरला. रांग दहा.

"ताप!" गुलाबी टोपीवाली एक बाई किंचाळली. "माझ्या मागेच बसला होता हो हा माणूस!"

"मला ताप नाहीये!" काका म्हणाले. "मला फक्त गरम होतंय!"

"ताप म्हणजे दुसरं काय असतं, मालक?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

स्रेतेनने मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये बोलणी केली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. "सावलीत बसा म्हणतो. थोड्या वेळाने परत मोजणार. तेव्हाही यंत्र ओरडलं, तर तुम्हाला इथूनच माघारी. आवाजबाई आणि पोरीला जाता येईल."

काका खुर्चीवर बसले. चेहरा बिटासारखा लाल. "रोसे," ते म्हणाले, "तू हिला घेऊन जा पुढे. खरंच सांगतो. बघून ये तुझा समुद्र. मी निशची कुठलीतरी गाडी पकडतो."

मावशीने दांडीपलीकडे पाहिलं. तिथून समुद्र दिसत नव्हता, नुसत्या पिवळ्या टेकड्या आणि एक पेट्रोल पंप. पण ती खूप वेळ बघत राहिली. मग वळली आणि म्हणाली, "स्रेतेन, आमच्या बॅगा उतरव."

"अहो, थांबा की जरा..."

"तिघांच्या उतरव. एकट्यानं बघायचा असता तर मी कधीच गेले असते. ओल्गीत्साबरोबर गेले असते."

स्रेतेनने गाडीच्या पोटातलं सामानाचं दार उघडलं. पहिली बाहेर आली मावशीची निळी बॅग. नवी कोरी, तिच्यावर दुकानातला कागद अजून चिकटलेला. स्रेतेनने ती जमिनीवर ठेवली आणि काका त्या बॅगेकडे बघत राहिले. मग ते उठले. मला म्हणाले, "पोरी, त्या दोन केबिनींच्या मधून वारा येतो का गं?"

मी जाऊन उभी राहिले. माझा स्कर्टच उडाला. "भयंकर येतो, काका."

"आरपार?"

"एकदम आरपार."

काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली, स्वतःची खुर्ची उचलली, आणि ती नेऊन बरोबर त्या दोन केबिनींच्या मध्ये ठेवली. बसले. डोळे मिटले. आणि मफलरला हात घातला.

मावशीला कळायला एक क्षण लागला. मग निशच्या स्थानकाला कधी ऐकू आला नसेल असा आवाज नाक्यावर घुमला. "लक्ष द्या, लक्ष द्या! प्रवासी तिहोमिर यांचा मफलर मानेवरून सुटत आहे!"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"स्वेटर पाठोपाठ सुटेल! कमरेचा पट्टा काही कारणास्तव उशिराने धावत आहे!"

आता अख्खी रांग हसत होती. शेजारच्या गाडीतले लोकही उतरून बघायला आले. गुलाबी टोपीवाली बाई चक्क पुढे झाली आणि शब्दकोड्याच्या पुस्तकाने काकांना वारा घालायला लागली. "डोळे मिटूनच ठेवा," ती म्हणाली, "नाहीतर डोळ्यांना लागेल."

"मोजे राकियात भिजवा हो!" मागून एक आजोबा ओरडले आणि त्यांनी आलुबुखारच्या दारूची बाटलीच काढली. "माझ्या आईनं चार पोरांचा ताप असाच उतरवला!"

"ताप नाहीये मला," काका पुटपुटले. पण पाय पुढे केले. थोडी दारू मोज्यांवर गेली. थोडी आजोबांनी काळजीपोटी स्वतः घेतली.

अधिकारी परत आला तेव्हा काका फ्लॅनेलच्या सदऱ्यात, ओल्या मोज्यांत, झोताच्या अगदी तोंडावर, शहीद होणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने बसले होते. अधिकाऱ्याने नाक फुलवून वास घेतला. यंत्र धरलं. सगळ्यांनी श्वास रोखले. यंत्र गप्प. पुन्हा धरलं. गप्प.

मग त्याने जमिनीवरचा लोकरीचा ढीग पाहिला. आमच्याकडची किती माणसं त्या नाक्यावरून जाताना त्याने पाहिली असतील कोण जाणे. आमच्या भाषेतले त्याला दोनचारच शब्द येत असावेत, पण काकांकडे बघून, तीच गंभीर मुद्रा ठेवून, त्याने त्यातला नेमका एक वापरला.

"झोत?"

"झोत," काका म्हणाले.

अधिकाऱ्याने मान हलवली आणि दांडी वर गेली. स्रेतेनने निळी बॅग परत पोटात ढकलली.

संध्याकाळी आम्ही पारालियाला पोहोचलो. मावशीने खोलीत बॅगा टाकल्या आणि चपला हातात घेऊन ती थेट पाण्यात गेली, गुडघ्यांपर्यंत, स्कर्ट मुठीत धरून. मी वाट बघत होते की आता ती काहीतरी जाहीर करेल. बऱ्याच वेळाने तिने फोन मागितला आणि इस्क्राला लावला.

"मुली, माईक चालू कर आणि फोन त्याच्यापुढे धर. कारण विचारू नकोस." मग तिने श्वास घेतला, अगदी योग्य जागी. "लक्ष द्या, लक्ष द्या. पारालियाला जाणारी गाडी पोहोचली आहे."

आयुष्यभर ती 'सुटत आहे'च म्हणत आली होती. स्थानकात गाड्या सुटल्याचंच सांगतात, पोहोचल्याचं कुणी सांगत नाही. फोनमधून आधी एकदोन टाळ्या ऐकू आल्या, आणि मग लांबून कुणाचातरी वैतागलेला आवाज, "ते ठीक आहे, पण लेस्कोव्हाचची गाडी कधी आहे?"

"फलाट दोन," मावशी समुद्रातून म्हणाली. "नेहमीप्रमाणे उशिरा."

काका वाळूवर उभे होते. बंडी पुन्हा अंगात, कॉलर वर, समोरून खारा वारा सपासप येतोय.

"रोसे," ते ओरडले, "इथला वारा बंद कुठून करतात?"

"पुढच्या वर्षी विचारू!" मावशी म्हणाली, आणि आणखी एक पाऊल आत गेली.