धाकट्याने आधी बोलायचं

विनायकला जाऊन सहा आठवडे झाले, आणि त्या दिवशी मी शहाणपणा केला की पळ काढला, हे मला अजून कळत नाही. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधली छोटी खोली, त्याची बायको शैलावहिनी, मुलगी अनुजा आणि मी. डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, आता व्हेंटिलेटर काढावा असं आम्हाला वाटतं, पण त्याला स्वतःला काय हवं वाटलं असतं? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा मित्र ना मी... आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अनुजा, तू आधी बोल."

ही सवय विनायकचीच. जन्मभर त्याने पेशंटना भूल दिली आणि फावल्या वेळात वाचलं काय, तर सुरुवातीच्या अमेरिकन लष्करी न्यायालयांत देहदंड कसा ठरवत! मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. तो मात्र रंगून सांगे, की देहदंडाला दोन तृतीयांश मतं लागत, मत आधी सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने द्यायचं, म्हणजे वरिष्ठांचं दडपण येत नाही, आणि कोणाचं मत काय होतं हे बाहेर फोडायचं नाही, तशी शपथच असे. मग घरातही तोच कायदा. सुट्टीत कुठे जायचं, टेकअवेचं जेवण कुठून आणायचं, आधी चिमुरडी अनुजा बोलणार. त्या दिवशीही ती बोलली. "बाबाला मशीनवर नको ठेवूया. ही वुड हेट इट." वहिनींनी मान हलवली, मग मी. दोन तृतीयांश कशाला, एकमतच झालं.

दिवसकार्य झाल्यावर अनुजाचा फोन आला. "काका, तुम्ही आधी बोलला असता तर काय म्हणाला असता? मला सारखं वाटतं, मीच बाबाला..." शपथ गेली खड्ड्यात. "तेच म्हणालो असतो, बाळा," मी म्हणालो. ती खूप रडली. पण हे खरं होतं का? कधी वाटतं, खरं होतं; कधी वाटतं, मी म्हणणार होतो, अजून दोन दिवस थांबा... धाकट्यावर दडपण नको म्हणून केलेला नियम, आणि सगळं ओझं पडलं धाकटीवरच. विनायक, हे तुझ्या त्या जाडजूड पुस्तकांत कुठे लिहिलंय रे? मला फार अपराधी वाटतं.

परवाच्या रविवारी आम्ही तिघं त्याच्या किचनमध्ये बसलो होतो. वहिनींनी नेहमीसारखा टेकअवेचा मेनू अनुजापुढे सरकवला. तिने तो न उघडताच माझ्यापुढे ठेवला.

"काका, आज तुम्ही आधी."

मी मेनू उघडला आणि कितीतरी वेळ नुसता वाचत राहिलो.