अर्ध्या गाण्याची कॅसेट
काल बायकोची पेटी उघडली अन् डांबरगोळ्यांच्या वासासंगं ती कॅसेट हाती आली. लय वर्षांमागं मंगरूळपीरले एका गरीब पोरीच्या ऑपरेशनसाठी एक गायक फुकट गायला आला होता. लेकीवरचं गाणं ऐन रंगात आलं, बाया डोळे पुसू लागल्या, अन् यानं ते अर्ध्यातच थांबवलं. म्हणे, "बाकीचं कॅसेटीत आहे!" मंडपाबाहेर कॅसेटीवर झुंबड उडाली. मी बायकोले म्हणलं, "पोरीच्या दुखण्यावर धंदा करून राह्यला हा. घेशील तं माह्या घरात वाजवू नको." "अवो, तुमाले तं सगळेच चोर दिसते," म्हणत तिनं घेतलीच. त्या गायकावर माझा आजही भरोसा नाही. पण कॅसेटीवरची प्लास्टिकची पन्नी तशीच आहे. माझ्या बोलण्यापायी तिनं ती कधी फोडलीच नाही. उरलेलं गाणं न ऐकताच गेली.