सासूबाई, खिडकी आणि टोर्नेडो

क्रोशेवाल्यांनो, कुणी ऑनलाइन असेल तर अक्कल द्या.

दुपारी फोन केकाटला: इथे आमच्या पुकेकोहे गावात टोर्नेडोचा धोका, खिडक्यांपासून लांब राहा. सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई नेमक्या खिडकीलाच चिकटून पणतवासाठी ब्लँकेट विणत होत्या.

"आई, बाथरूममध्ये चला!"

"ओळ संपू दे. टाके चुकले तर तू मोजणारेस?"

बाहेर शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन उडालं. मी आईंच्या हातातली सुई हिसकावली, लोकरीचा गुंडा उचलला आणि पळाले. ब्लँकेट भराभर उसवू लागलं, तशा आई शिव्या देत माझ्यामागे बाथरूममध्ये शिरल्या. मी दार लावलं.

वारा जरा पडला, आणि आई पहिल्या साखळीपासून पुन्हा विणायला बसल्या. त्याच खिडकीत.

इशारा अजून उठलेला नाही, आणि उसवायला आता काही उरलेलं नाही. काय करू?