काढूमिस्त्रीची उलटी मूठ

१९८६ साली मी चोपन्न वर्षांचा होतो आणि फैजपुरात माझ्याइतका शहाणा माणूस नाही अशी माझी खात्री होती. शाळेनं मला चौथीतच घरी पाठवलं होतं, पण त्यात नुकसान शाळेचं झालं असं मी आजही मानतो. त्याच साली माझी गाठ अशा माणसाशी पडली, की ज्याला गाडीत काही बसवायला सांगावं तर तो आधी काय काढता येईल ते बघायचा. गाव त्याला काढूमिस्त्री म्हणे.

तो मूळचा साक्रीकडचा. स्टँडमागे पत्र्याच्या टपरीत सायकली आणि मोपेडी दुरुस्त करायचा. आमच्यात कित्येक वर्षं राहिला, पण बोली तिकडचीच, अहिराणी. कोणी म्हणालं, "मिस्त्री, आरसा हलतो," की याचं तयार, "काढी टाकू." हॉर्न घरघरतो म्हटलं तर, "काढी टाकू. तुम्हले तोंड नही शे का?" काढलेला माल मात्र ज्याच्या त्याच्या नावच्या चिंधीत बांधून जपून ठेवायचा.

माझं त्याच्याकडे काम पडलं ते गुडघ्यामुळं. केळीचं शेत लांब, चालवेना, बैलजोडी विकून टाकलेली. मी मोपेड घेतली. मुलगा म्हणाला, "नाना, शिकवतो." मी म्हणालो, "बैल आवरलेल्या माणसाला तू काय शिकवतोस रे?" आणि निघालो. चौकात म्हैस आडवी आली. जन्माच्या सवयीनं मी दोन्ही मुठी छातीशी ओढल्या आणि "हो! हो!" असा ओरडलो. कासरा ओढला की बैल थांबतो. मोपेडची मूठ अंगाकडे वळवली की ती पळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगू दिलं नव्हतं. म्हैस समजूतदार, ती बाजूला झाली. मी वखारीपुढच्या केळीच्या पानांच्या ढिगात शिरलो. गाव पोट धरून हसलं.

दुसऱ्यांदा तसाच शिरलो तेव्हा मुलगा हसला नाही. "नाना, आता माझ्या मागं बसून यायचं. आणखी एकदा पडलात तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन टाकीन." माझ्याच शेतात मी गाठोड्यासारखा मागं बसून जाणार! त्यापेक्षा तो ढीग बरा.

मी गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली आणि म्हणालो, "गाडीत खोट आहे."

"कसा पडनात, ते दखाडा."

मी टपरीसमोर उभा राहून हवेतला कासरा ओढून दाखवला. तो हसला नाही. माझ्या मुठींकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्हनी चूक नही शे, नाना. मूठ उलटी शे."

हे ऐकायला मी आणखी एकदा पडायला तयार होतो.

मग त्याचं काढकाम सुरू झालं. डाव्या हाताचा ब्रेक काढला आणि दोन्ही चाकांच्या तारा उजव्या दांड्याला जोडल्या. पुढची जरा ढिली ठेवली, म्हणजे मागचं चाक आधी धरेल. दिव्याचं बटण काढलं, हॉर्न काढला, सायकलची घंटी लावली. शेवटी मुठीतली तार सोडून उलट्या बाजूनं बसवली. आता मूठ पुढं लोटली की गाडी पळायची, अंगाकडे ओढली की गप्प. मी विचारलं, "मग डाव्या हातानं काय करू?"

"लोकसले राम राम करा."

तसा राम राम करत मी शेतावर जाऊ लागलो आणि गाडी एका दिवसात शिकलो असं गावभर सांगू लागलो. मिस्त्रीचं नाव सांगायला विसरायचो. एकदा मुलगा घाईत माझी गाडी घेऊन गेला आणि थेट त्याच ढिगात शिरला. अंगावरची पानं झटकत घरी आला. "नाना, हिला काय करून ठेवलंय?"

"शिकवू का तुला?" मी म्हणालो. तो दिवस फार चांगला गेला.

पुढं मिस्त्रीला त्याच्या मुलीनं सुरतेला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी टपरीवर गेलो. तो म्हणाला, "नाना, तार सुलटी करी देऊ का? मी गऊ की हिले कोन हात लावी?"

खरं होतं ते. दुसऱ्या फिटरनं माझी गाडी बघूनच हात जोडले होते. तार तुटली की मी मुलाच्या मागं. पण मी म्हणालो, "मी या वयात सुलटा होत नाही, गाडी कशाला करू?"

त्यानं मुठीतली तार सोडली. मग पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर जाऊन बसला. "मंग तुम्हीच लावा."

मी ग्रीसला कधी बोट लावलेलं नव्हतं. तार बसवली की तो मूठ फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "काढी टाका." मी चिडायचो, काढायचो, पुन्हा लावायचो. अंधार पडायला आला तेव्हा मूठ फिरवून तो काहीच बोलला नाही. उठला आणि माझ्या नावची चिंधी माझ्या हातात दिली. डावा ब्रेक, हॉर्न, बटण, सगळं होतं तीत. आम्ही दोघंही निरोपाचं काही बोललो नाही. मला ते जमत नाही आणि त्यानं ते बहुधा काढूनच टाकलं होतं.

पहाटेच्या गाडीनं तो गेला. त्या सकाळी मी मोपेड अंगणात घेतली, चांगली बसलेली तार काढली आणि एकट्यानं पुन्हा लावली. उलटीच. दारात उभा राहून मुलगा म्हणाला, "नाना, चालत होती ना? मग काढली कशाला?"

मी हात पुसले, मूठ पुढं लोटली आणि डाव्या हातानं त्याला राम राम करून शेतावर गेलो.