वरच्या कोंडाची गाडी

महाडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे मी बसते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ही खिडकी नशिबी आली, नाहीतर अठरा वर्षं मी गाडीवर कंडक्टर होते. दुपारी गर्दी ओसरली की आमची ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी चहाचे ग्लास घेऊन माझ्या खोलीत घुसतात, आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, वरच्या कोंडाचा एखादा होऊन जाऊ दे!"

आता किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. एकाच रस्त्यावरून रोज जा-ये केली की ते अंगावर धुळीसारखे बसत जातात. युनिफॉर्म कितीही धुवा, जात नाहीत!

वरचा कोंड म्हणजे पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या अंगाला डोंगरात चढून बसलेली चाळीसेक घरांची वाडी. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. जी उरली होती त्यांच्यासाठी आमची लाल गाडी सकाळी एक आणि दुपारी एक. ड्रायव्हर उतेकर मामा. तो घाट दुसरं कुणी मागायचं नाही आणि मामा सोडायचे नाहीत. म्हणून अठरातली अकरा वर्षं आमची जोडी टिकली.

*

माझा पहिला दिवस. त्या रस्त्यावर बाई कंडक्टर कुणी पाहिलीच नव्हती. कोंडावर गाडी थांबली, एक आजोबा काठी टेकत चढले. मला ओलांडून पुढे गेले, मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं.

"मास्तर कुठाय रे?" त्यांनी मामांना विचारलं. जुनी माणसं कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

"मीच मास्तर, आजोबा," मी म्हटलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग बाकावर बसत म्हणाले, "बरं झालं. शाळंला मास्तर नाय दोन वर्सं. गाडीला तरी आला!"

तेव्हापासून मी मास्तरीणबाई झाले. माझं खरं नाव त्या वाडीत आजही कुणाला ठाऊक नसेल.

*

मोबाइल आले आणि मामांची झोप उडाली. कोंडावर रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. पण त्या एका पायरीवरून सगळी वाडी मामांना फोन करायची!

"मामा, फाट्यावर आलाव काय?"

"मामा, सासूबाय डोंगर उतरतायत, जरा दमानं चढवा."

मामा गाडी चालवताना फोन घेत नसत, म्हणून तो माझ्याकडे. एकदा शेवटच्या चढावर एका बाईचा फोन आला. रडवेली झाली होती. दवाखान्यात जायचं होतं, नवऱ्याला डबा द्यायचा होता.

"मास्तरीण, दोन मिनटं थांबवा गो गाडी. भाकरी तव्यावर हाय!"

मी मामांना सांगितलं. मामांनी घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"तिला विचारा, पहिली बाजू का दुसरी?"

मी विचारलं. "दुसरी," ती म्हणाली.

"मग थांबतो," मामा म्हणाले. "पहिली असती तर नसतो थांबलो!"

*

तारामावशी आठवड्यातून एकदा तरी पोलादपूरला यायच्या. बाजाराची पिशवी हातात असायची, पण बाजार फारसा नसायचा. जाताना कायम डाव्या बाजूची खिडकी. ती भरलेली असली तर उभ्या राहतील, पण उजवीकडे बसणार नाहीत.

मला कारण कळायला दोन महिने लागले. अर्ध्या घाटात एक वळण आहे. तिथून खालच्या दरीपलीकडे चार घरं दिसतात. त्यातलं एक तारामावशींचं माहेर. भाऊ मुंबईला गेले ते गेलेच, घराला कुलूप. गाडीतून उतरून जावं तर दरी आडवी, आणि गेलं तरी तिथं होतं कोण? म्हणून त्या नुसतं बघायच्या. वळण संपेपर्यंत.

मामा तिथं गाडी एवढी हळू करायचे की एकदा एक पाहुणा वैतागला.

"काय मामा, बंद पडली काय गाडी?"

"गिअर बदलतोय."

"एवढा वेळ?"

"मोठा गिअर आहे हा!"

मावशी ऐकून पदराआड हसल्या.

मग एका फेरीला मावशी वळण गेल्यावर खिडकीपासून हलल्याच नाहीत. मी तिकीट द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मास्तरीण, कौलं उतरवली गो. भिंती तेवढ्या हायत."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या आणि सरळ उजवीकडे बसल्या. मामांच्या ते लक्षात आलं नव्हतं. वळणावर त्यांनी सवयीने गाडी हळू केली.

मागून मावशींचा आवाज आला, "चला मामा, चला. पडला गिअर."

*

आता जरा हसा. नाहीतर चहा थंड व्हायचा.

कोंडावरच्या तीन मुली महाडला कॉलेजला यायच्या. सोनल त्यांतली पुढारी. वाडीतून बारावीला बसणारी पहिली मुलगी. दोन वर्षं त्या पोरीने आमची एक गाडी चुकवली नाही. गाडीत अभ्यास, गाडीतच डबा. तोंडपाठ व्याख्या मला म्हणून दाखवायची. अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा मला आजही तोंडपाठ आहेत!

बारावीचा पहिला पेपर आणि घाट उतरताना गाडी बंद पडली. मामा खाली शिरले, वर आले, हात पुसत म्हणाले, "आज नाय निघायची ही."

सोनलचं तोंड पांढरंफटक. हातात पॅड, गळ्यात हॉल तिकीट. त्यानंतरची गाडी थेट दुपारची. मिनीडोर रिक्षा त्या रस्त्याला फिरकत नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, म्हटलं जे येईल ते थांबवायचं.

आला तो बँडवाल्यांचा टेम्पो! लग्नाला निघालेला. ढोल, ताशे, पिपाण्या, लाल डगलेवाली माणसं. मामा त्यांना म्हणाले, "पोरींना परीक्षेला पोचवा, तुमच्या नवरदेवाचं भलं होईल." त्यांनी ढोल मांडीवर घेतले आणि पोरींना जागा केली. मीही चढले. मामांना म्हटलं, गाडीपाशी थांबा.

पोलादपूर ओलांडेपर्यंत सोनल ढोलावर पॅड ठेवून वाचत होती. महाडला कॉलेजच्या गेटवर टेम्पो थांबला आणि उतरता उतरता एकाचा हात ताशावर पडला. शिपाई धावत आला.

"ओ, वरात कुणाची? इथं परीक्षा चालू आहे!"

सोनल खाली उडी मारत म्हणाली, "बारावीची!"

पास झाली. आता मुंबईला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. एकदा खिडकीशी आली होती. म्हणाली, "मास्तरीणबाई, तिकडं दर पाच मिनिटाला गाडी येते. पण मी चुकले तर कुणी थांबत नाय."

*

हे चाललं होतं तेव्हाच भारमानाचं प्रकरण निघालं. भारमान म्हणजे गाडीत जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती. आमच्या गाडीत बारा-पंधरा माणसं. कागदावर फारच वाईट दिसायचं. तपासायला एक साहेब आले. आधी ऑफिसात मामांना बोलावलं.

"पाचाडची गाडी बघा कशी भरून जाते. तुमचीच रिकामी का?"

"पाचाडला वर किल्ला हाय साहेब," मामा म्हणाले. "आमच्याकडं वर नुसती माणसं हायत."

साहेबांनी कागद मिटले. "उद्या मी स्वतः येतो मोजायला," एवढंच म्हणाले.

देवळाच्या पायरीवर कुणाचा तरी फोन लागला असणार. कुणी लावला ते मला विचारू नका!

सकाळी कोंडावर गाडी पोचली तर अख्खी वाडी रस्त्यावर. ठेवणीतली लुगडी, इस्त्रीचे सदरे, एक आजी तर गुरं सोडून काठीसकट आलेली. गाडी गच्च भरली. साहेबांनी एका बाईला जागा दिली आणि दांड्याला धरून उभे राहिले. फाट्यापर्यंत ते घामाने चिंब.

शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना त्यांनी विचारलं, "कुठे चाललात?"

"महाडला."

"काही काम?"

आजोबांना हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"परत यायचंय!" ते म्हणाले.

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. हसत होते की काय, मला दिसलं नाही.

महाडला सगळे उतरले. आता दुपारपर्यंत करायचं काय? पोरंटोरं, बाया, म्हातारे चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तिथं वारा बरा येतो. वडे खाल्ले. दोन जावा बारा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर एकत्र बसल्या आणि त्यांचं जुनं भांडण तिथंच मिटलं. दुपारच्या गाडीने सगळी वाडी जशी आली तशी परत.

उतरताना ती गुरंवाली आजी माझा हात धरून म्हणाली, "मास्तरीण, पुन्ना मोजणी कवा हाय गो?"

साहेब समजायचं ते समजले होते. तरी त्यांनी कागदावर लिहिलं, गाडी चालू ठेवावी.

*

पण कागदाला पाऊस कळत नाही. पुढच्याच पावसाळ्यात वरच्या चढावर दरड आली आणि रस्त्याखालची मोरी वाहून गेली. माणूस जाईल, मोटारसायकल जाईल, गाडी जायची नाही. गाडी फाट्यावर थांबायला लागली. तिथून कोंड चार किलोमीटर, सगळा चढ.

वाडीची माणसं एका ऑफिसात गेली. तिथं सांगितलं, रस्ता झाला की गाडी सोडतील. दुसऱ्या ऑफिसात गेली. तिथं विचारलं, त्या रस्त्याला एवढी रहदारी आहे का? दोन्हीकडच्या अर्जांना तीन वर्षं झाली. मामा निवृत्त झाले. माझे गुडघे गेले.

तरी खिडकीवर विचारणारे येतात. जाणारा येतो, "वरची गाडी लागली काय?" मी सांगते, "फाट्यापर्यंतच हो." त्याला ते माहीत असतं. मलाही माहीत असतं की त्याला माहीत आहे. तरी तो विचारतो आणि तरी मी सांगते.

गेल्या शिमग्याला एक जण आला. मुंबईत टॅक्सी चालवतो, सोबत बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी जन्मापासून मुंबईची, हिंदीत बोलणारी.

"मास्तरीणबाई, आपल्या गाडीची पाटी हाय काय अजून?"

गाडीच्या पुढे लावायची ती पत्र्याची पाटी. कपाटामागे जुन्या पाट्यांचा ढीग आहे, त्यात शोधली. सापडली. वर गंज, पण अक्षरं शाबूत. महाड – पोलादपूर – वरचा कोंड.

"देता काय?"

"देता येत नाही रे. ऑफिसची आहे."

"बरं. मग धरू तर द्या."

त्याने रुमालाने ती पुसली. मुलीला जवळ घेतलं आणि अक्षरांवर बोट ठेवत तिला वाचायला लावलं. मुलगी अडखळत वाचत गेली. शेवटच्या शब्दाला थांबली.

"पप्पा, ये अपना गाव है? बस पे लिखा था?"

"हां," तो म्हणाला. "आगे लिखा था. सबको दिखता था."

त्याने फोटो काढला आणि पाटी मला परत दिली. मी ती ढिगात ठेवली नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली मावत नाही, म्हणून मागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. साहेब विचारत नाहीत, मी सांगत नाही.

*

आता शेवटचा, आणि मग मला काम करू द्या.

या वैशाखात वरच्या कोंडावर लग्न होतं. जयराम मोरे यांच्या मुलीचं. मला आणि मामांना आग्रहाचं बोलावणं. फाट्यापर्यंत गाडीने गेलो. नवीन कंडक्टरने मामांना पुढची सीट दिली, मामा पूर्ण वेळ उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते! तिथून मला एका पोराने मोटारसायकलवर घेतलं, मामा हट्टाने चालत आले.

वर पोचले तर मांडव दोन घरांच्या बोळात घातलेला. इतका चिंचोळा की पंगतीला एका वेळी वीस माणसं बसेनात. वरमाई घामाने निथळत होती, भटजींचा पाय कुणाच्या तरी पानात, वाढपी एकमेकांना आडवे होत होते. नवऱ्या मुलाचे मामा तर शेवटी गोठ्याच्या ओट्यावर जाऊन जेवले.

आणि तिथून वीस पावलांवर, आंब्याखाली, भलं मोठं सपाट मोकळं मैदान. नुकतं झाडलेलं, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. कडेने गवत कापलेलं. कुणाची चप्पल नाही, कुणाची मोटारसायकल नाही, लाकडाचा भारा नाही. जवळपास दोनशे माणसं बोळात घुसमटत होती आणि त्या जागेवर एक माणूस उभा नव्हता.

जेवणं झाल्यावर मला राहवेना. वधूपित्याला बाजूला घेतलं.

"जयरामभाऊ, एवढी जागा मोकळी सोडून मांडव त्या बोळात का हो घातलात?"

जयरामने आधी मामांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. या बाईने तरी असं विचारावं, असा त्याचा चेहरा.

"असं काय करता मास्तरीणबाई?" तो म्हणाला. "तिथं गाडी वळते ना!"